चौदाव्या किलोमीटरचा दगड

‘रिफर्बिश्ड’ ह्या शब्दाला मराठीत धड प्रतिशब्द नाही. ‘जुना’ म्हटलं की भंगारवाला डोळ्यासमोर येतो, ‘सेकंडहँड’ म्हटलं की कुणीतरी आपल्याला टोपी घालतंय असं वाटतं, आणि ‘नूतनीकृत’ हा शब्द फक्त सरकारी विश्रामगृहालाच शोभतो. दुकानदारांनी त्यावर आपला सोपा तोडगा काढलाय. ते म्हणतात, “कंपनीतून निघालेला माल आहे.” म्हणजे वापरलेला आहे, पण एसीत वापरलेला आहे!

हा माल निघतो कसा ते आधी बघू, कारण आपल्यापैकी बरेच जण त्याच्या उगमापाशीच नोकरीला आहेत. आयकराच्या हिशेबात संगणक आणि त्याच्या जोडीच्या यंत्रांवर २०१७-१८ पासून वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो. त्याआधी तो ६० टक्के होता. घसारा दरवर्षी उरलेल्या किमतीवर लागतो, म्हणजे एक लाखाचा माल पहिल्या वर्षी ६० हजार, मग ३६, मग २१,६००, मग १२,९६० आणि पाचव्या वर्षाअखेर ७,७७६ रुपये. वहीत माल संपला. टेबलावर मात्र तो ठणठणीत उभा असतो. मग कधीतरी लीज संपते, ऑफिस हलतं किंवा सगळ्यांना लॅपटॉप मिळतात, आणि दीडदोनशे मॉनिटर एकगठ्ठा लिलावात निघतात. २०१२ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांमुळे कंपन्यांना हा माल वाटेल तिथे टाकता येत नाही, आणि २०२३ च्या एप्रिलपासून लागू झालेल्या नव्या नियमांत रिफर्बिशरलाही स्वतःची नोंदणी करावी लागते. थोडक्यात काय, तर धंदा आता गल्लीतून कागदावर आलाय.

तर मंडळी, मी गेल्या महिन्यात असाच एक मॉनिटर घेतला. ३० इंची, २५६० गुणिले १६००, २०१३ सालचा. साडेअकरा हजार. इतका मोठा कशाला, असं घरून विचारलं गेलंच. कारण तांत्रिक आहे. हल्लीचे बहुतेक मॉनिटर १६:९ आकाराचे, म्हणजे आडवे पसरलेले असतात. सिनेमाला छान, पण कोड उभा वाचायचा असतो. जुने १६:१० चे मॉनिटर ह्या बाबतीत सुखाचे. साधारण २००८ ते २०१० ह्या काळात उद्योगाने १६:१० सोडून १६:९ धरलं. त्यात आपल्या डोळ्यांचा विचार नव्हता. टीव्ही त्या आकाराचे झाले होते, आणि एकाच मोठ्या काचेतून टीव्हीचे आणि मॉनिटरचे तुकडे कापायचे तर एकच आकार परवडतो. शिंप्याने ताग्यात कपडा बसवावा तसा हा हिशेब. हा ‘ताग्याचा हिशेब’ लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

घेण्यापूर्वी काय बघायचं, हे विचारणाऱ्यांसाठी पटकन सांगतो. पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पाच रंग पूर्ण पडद्यावर लावून बघा. मेलेला ठिपका पांढऱ्यात दिसतो, अडकलेला काळ्यात आणि रंगीतमध्ये. २५६० गुणिले १६०० म्हणजे ४०,९६,००० ठिपके, प्रत्येकात तीन उपठिपके, म्हणजे १,२२,८८,००० ट्रान्झिस्टर. २००१ च्या आयएसओ १३४०६-२ ह्या मानकात ‘वर्ग २’ च्या पॅनेलला दर दहा लाख ठिपक्यांमागे दोन कायम पेटलेले, दोन कायम विझलेले आणि पाच बिघडलेले उपठिपके माफ होते. म्हणजे एवढ्या पडद्यावर आठ पेटलेले आणि आठ विझलेले ठिपके असूनही तो नवा कोरा म्हणून खपला असता! माझ्यावर एक आहे, डाव्या कोपऱ्यात. जुनी पोर नजर लागू नये म्हणून तीट लावतात, तसं समजायचं. :)

दुसरं म्हणजे बॅकलाइट. जुन्या पडद्यांत मागे बारीक ट्यूबलाइट असतात. त्या पिवळ्या पडतात आणि त्यांत थोडा पारा असतो. एलईडीचा असेल तर उत्तम. तिसरं, पॉवर सप्लायचे कपॅसिटर. १९९९ ते २००७ च्या दरम्यान जगभर खराब इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर विकले गेले. त्यांची डोकी फुगायची, आणि चांगली यंत्रं दोन-चार वर्षांत बंद पडायची. त्या काळातला मॉनिटर असेल तर आत एकदा डोकावून घ्याच.

माझा मॉनिटर ज्यांनी उघडून दाखवला त्यांना बाजारात सगळे मामा म्हणतात. पन्नाशी उलटलेले, एका डोळ्याला भिंग लावून बसलेले. आधी टीव्ही दुरुस्तीत आयुष्य गेलं, आता मॉनिटर. मी विचारलं, “मामा, किती वर्षं टिकेल?”

“बोर्डाची ग्यारंटी मी देतो साहेब. कपॅसिटर, आयसी, काय जाईल ते घाला. पण पॅनल गेलं की मॉनिटर गेला. त्याला औषध नाही.” मग भिंग काढून म्हणाले, “ट्यूबचं तसं नव्हतं. ट्यूब तर आपण रिगन करत होतो.”

ह्या एका वाक्यामुळे पुढचे दोन शनिवार-रविवार गेले. कारण ट्यूब हा शब्द आणि आमचं गाव ह्यांचं नातं साधं नाही.

औरंगाबादहून (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) पैठणला जाताना रेल्वे स्टेशन, महानुभाव आश्रम, नक्षत्रवाडी असं करत चितेगाव येतं. तिथल्या कारखान्याचा पत्ता कंपनीच्या प्रत्येक कागदावर असायचा: १४ किलोमीटरचा दगड, औरंगाबाद–पैठण रोड. मुंबईच्या शेअरबाजारात, लंडनच्या बँकेत, जिथे कुठे व्हिडिओकॉनचा वार्षिक अहवाल गेला, तिथे आमच्या रस्त्यावरचा मैलाचा दगड गेला.

काळ आठवा. भारतात रंगीत प्रक्षेपण १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी आलं. १९८४ च्या आसपास देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली. १९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झालं. टीव्हीला एवढी मागणी आली असताना धूत कुटुंबाने जपानच्या तोशिबाचं तंत्रज्ञान घेऊन रंगीत टीव्ही करायला घेतले. त्याच दशकात, १९८५ साली, वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या, रेल्वे आणि पाणी दोन्हीसाठी झुरणाऱ्या मराठवाड्यात एकदम स्कूटर आणि टीव्ही बनायला लागले. ‘आशिया खंडातलं सर्वात वेगाने वाढणारं शहर’ हे बिरुद आम्ही शाळेच्या निबंधात न चुकता लिहायचो. कुणी मोजलं होतं ते कुणाला माहीत, पण मार्क मिळायचे.

आता ट्यूबकडे वळू. १८९७ साली स्ट्रासबर्गमध्ये कार्ल फर्डिनांड ब्राउन ह्या जर्मन शास्त्रज्ञाने पहिली कॅथोड किरण नळी केली. १९५० साली अमेरिकेच्या आरसीए कंपनीने रंगीत ट्यूब दाखवली. पडद्यामागे लाखो बारीक छिद्रांचा धातूचा पत्रा, आणि तीन बंदुकांतून येणारे तीन इलेक्ट्रॉन झोत आपापल्याच रंगावर पडतील अशी त्याची रचना. पुढची ५० वर्षं जगाने जे काही पाहिलं ते बहुतेक ह्या छिद्रांतून पाहिलं.

ह्या ट्यूबची एक गंमत म्हणजे ती उघडता यायची. बंदूक थकली, चित्र फिकं पडलं, की ट्यूबची मान कापायची, नवी बंदूक बसवायची, आतली हवा पुन्हा ओढून घ्यायची आणि मान सील करायची. ह्यालाच रिगनिंग म्हणायचे. आपल्याकडे हा चांगला लघुउद्योग होता. म्हणजे रिफर्बिश्ड हा शब्द येण्याआधी आपण पडद्याचं काळीज बदलत होतो!

पण तिला एक मर्यादाही होती. ट्यूबच्या आत पोकळी असते, त्यामुळे बाहेरची हवा तिला सतत दाबत असते. ३० इंची १६:१० पडद्याचं क्षेत्रफळ साधारण पाव चौरस मीटर. त्यावर हवेचा भार भरतो सुमारे पावणेतीन टन. तो पेलायला काच जाड लागते. सोनीचा २४ इंची रुंद ट्यूब मॉनिटर जवळपास ४० किलोचा होता. ३० इंचीसाठी टेबलच लोखंडाचं घ्यावं लागलं असतं. भरीला काचेत शिसं, म्हणजे मेल्यावरही त्रास.

आणि आता गोष्टीतला खरा ट्विस्ट. १९६८ साली ह्याच आरसीएने जगापुढे लिक्विड क्रिस्टल डिस्प्ले जाहीर केला. जॉर्ज हाइलमायर नावाच्या तरुण इंजिनिअरच्या गटाचं ते काम. म्हणजे ट्यूब आणि एलसीडी ही दोन्ही एकाच घरातली भावंडं. थोरला कमावता होता, धाकट्याकडे लक्ष द्यायला घराला फुरसत नव्हती. जपानच्या शार्पने १९७३ साली एलसीडीचा कॅल्क्युलेटर बाजारात आणला आणि धाकटा दत्तक गेला. १९८८ साली शार्पने १४ इंची रंगीत एलसीडी करून दाखवला.

थोरल्याचं काय झालं? १९८६ साली जीईने आरसीए विकत घेतली, आणि लगेच तिचा टीव्हीचा धंदा फ्रान्सच्या थॉमसनला देऊन टाकला. आणि २००५ साली थॉमसनने आपला पिक्चर ट्यूबचा धंदा विकायला काढला तेव्हा तो घेतला कुणी? १४ किलोमीटरच्या दगडाने! इटलीतलं अनान्यी, पोलंड, चीन, मेक्सिको इथले कारखाने व्हिडिओकॉनकडे आले. सौदा सुमारे २४ कोटी युरोंचा होता, आणि थॉमसनने जवळपास तेवढीच रक्कम व्हिडिओकॉनमध्ये गुंतवायची असं ठरलं होतं. ‘द इंडियन मल्टिनॅशनल’ ही त्यांची जाहिरात तेव्हा अक्षरशः खरी झाली. ब्राउन, आरसीए, जीई, थॉमसन असा वारसा घेऊन पैठण रोडवरची कंपनी ट्यूब बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांत जाऊन बसली. आमच्याकडे तेव्हा छाती फुगली होती, आणि का फुगू नये?

नंतर हसणं सोपं आहे. पण त्या वेळचा हिशेब अगदीच वेडेपणाचा नव्हता. भारतात, आफ्रिकेत, लॅटिन अमेरिकेत करोडो घरांत पहिला रंगीत टीव्ही अजून यायचा होता. एलसीडी महाग होता. विकणारे घाईत होते म्हणून किंमत कमी होती. काचेपासून टीव्हीपर्यंत सगळं आपल्या हातात, भरूचला तर ट्यूबच्या काचेचा कारखानाही गटाकडे होता. शेवटचा उभा राहील त्याला बाजार, असा तो डाव होता.

चुकला तो वेग. २००७ च्या शेवटच्या तिमाहीत जगभरच्या विक्रीत एलसीडी टीव्हींनी ट्यूबच्या टीव्हींना पहिल्यांदा मागे टाकलं. सौदा होऊन फक्त अडीच वर्षं झाली होती. २००८ साली सोनीने ट्रिनिट्रॉन गुंडाळला. २०१२ साली अनान्यीचा कारखाना दिवाळखोरीत गेला. इटलीतल्या त्या गावात शेकडो घरांची चूल ज्या निर्णयावर अवलंबून होती, त्याच्या कागदावर पत्ता आमच्या रस्त्याचा होता, हे मला फार अस्वस्थ करणारं वाटतं.

मॉनिटरच्या बाबतीत तर हा खेळ त्याआधीच संपला होता. भारत १९९७ साली जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला, आणि २००५ पर्यंत संगणकाच्या सुट्या यंत्रांवरचं आयात शुल्क शून्यावर आलं. टीव्हीवर शुल्काची भिंत राहिली, मॉनिटरवरची पडली. म्हणून त्या काळात कित्येक घरांत दिवाणखान्यातला टीव्ही देशी आणि आतल्या खोलीतला मॉनिटर परदेशी असायचा. आपल्या सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या ज्या स्वस्त मॉनिटरांवर उभ्या राहिल्या, त्यांच्यासाठी उघडलेलं दार हेच. हार्डवेअरवाल्यांनी त्याची किंमत मोजली, आणि फायदा आपल्या पिढीला झाला. हे नाकारण्यात अर्थ नाही.

मग एलसीडी आपल्याकडे का बनला नाही? इथे ताग्याचा हिशेब येतो. एलसीडी पॅनेल बनवणं हे चिप बनवण्यासारखं काम आहे. आठव्या पिढीच्या कारखान्यात साधारण २.२ गुणिले २.५ मीटरची अखंड काच लागते. तिच्यावर थर चढवायचे, प्रकाशाने नक्षी उमटवायची, कोट्यवधी ट्रान्झिस्टर काढायचे, मग तुकडे कापायचे. एक कारखाना उभारायला हजारो कोटी, आणि चारपाच वर्षांत पुढची पिढी दारात उभी. ट्यूबच्या जमान्यात एखादं कुटुंब, तोशिबाचा करार आणि पैठण रोडची जमीन एवढ्यावर डाव मांडता येत होता. ह्या जमान्यात सरकारच पाठीशी लागतं. कोरिया, तैवान, चीन तिघांनी ते केलं. आपल्याकडे २०१६ साली ट्विनस्टार डिस्प्ले ह्या कंपनीने नागपूरजवळ बुटीबोरीला सुमारे २० हजार कोटींचा पॅनेल कारखाना काढायचं जाहीर केलं होतं. तो उभा राहिला नाही.

व्हिडिओकॉनचा शेवट फक्त ट्यूबने झाला असंही नाही. तेल, टेलिकॉम, डीटीएच असे अनेक धंदे अंगावर होते. २०१२ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने २जी परवाने रद्द केले त्यांत ह्यांचेही होते. २०१८ च्या जूनमध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मान्य झालेले दावे होते सुमारे ६४,८३८ कोटींचे. २०२१ च्या जूनमध्ये लवादाने ट्विन स्टार टेक्नॉलॉजीजची (हो, बुटीबोरीवाल्यांच्याच गोतावळ्यातली) २,९६२ कोटींची योजना मंजूर केली. म्हणजे सरासरी ९५ टक्क्यांहून जास्त पैसे बुडाले. माल आणि सेवा पुरवणाऱ्यांच्या वाट्याला तर ०.७२ टक्के. शंभर रुपयांच्या बिलावर ७२ पैसे! २०२२ च्या जानेवारीत अपिलीय लवादाने ती मंजुरी रद्द केली.

बँकेचे आकडे वाचताना आपण ‘हेअरकट’ म्हणून मोकळे होतो. पण कुठल्याही मोठ्या कारखान्याभोवती प्लास्टिकचं कॅबिनेट, खोकी, थर्माकोल, वायरिंग, कँटीन, बस असे किती जण उभे असतात ते एमआयडीसीच्या गावात वाढलेल्याला सांगायला नको. ७२ पैसे हा त्यांचा हेअरकट असतो.

ज्यांनी एलसीडीवर डाव लावला ते तरी सुखात आहेत का? शार्पने २००९ साली जपानमध्ये साकाईला जगातला सर्वात मोठ्या काचेचा कारखाना काढला. २०२४ साली तिथलं टीव्ही पॅनेलचं उत्पादन बंद झालं. सॅमसंगच्या पॅनेल कंपनीने २०२२ साली एलसीडी सोडला. दत्तक गेलेला धाकटाही आता म्हातारा झालाय. फरक एवढाच की साकाईतून निघालेली माणसं, यंत्रं आणि ज्ञान पुढच्या कामाला लागू शकतात, कारण तिथे पुढचं काम असतं. आपल्याकडे कारखाना गेला की त्याच्या जागी काय येणार हा प्रश्न दरवेळी पहिल्यापासून सुरू होतो.

म्हणून मामांसारखी माणसं मला महत्त्वाची वाटतात. पडदा बनवायची आपली विद्या गेली, निदान दुरुस्त करायची तरी राहिली. पण तीही आपोआप टिकत नाही. सर्किटचा नकाशा मिळाला पाहिजे, सुटे भाग मिळाले पाहिजेत, आणि आपल्या ऑफिसातून निघणारा माल भंगाराच्या वजनावर न जाता त्यांच्या टेबलापर्यंत पोचला पाहिजे. ह्यातलं शेवटचं काम आपल्यापैकी कुणीही ॲडमिनला एक मेल टाकून करू शकतो.

चितेगाव ओलांडून त्याच रस्त्याने पुढे गेलं की बिडकीन लागतं. तिथे ‘ऑरिक’ची नवी औद्योगिक नगरी आखलीय. २०२४ साली एथरने तिथे इलेक्ट्रिक स्कूटरचा कारखाना काढायचं जाहीर केलं, आणि त्याच वर्षी टोयोटा-किर्लोस्करने जिल्ह्यासाठी सुमारे २० हजार कोटींचा करार केला. पेपरात पुन्हा तीच भाषा आहे: वेग, रोजगार, आशिया खंड. मला त्याचा आनंदच आहे, उगाच नाक मुरडायचं नाही. फक्त एकदा विचारावंसं वाटतं. त्या गाडीतली बॅटरी आपण बनवणार, की फक्त पेटीत बसवणार? आणि ती थकली की तिची मान कापून नवं काळीज घालणारं कुणी शिकवून तयार ठेवणार आहोत का?

असो. ज्यांना १६:१० हवा आहे त्यांनी लवकर बघा, माल संपत आलाय.